बॅटरी कोण खातं?

नवलाख उंबरे,
ता. ६ नोव्हेंबर १९३८

जावईबापू हौशीराम यांना कोंडाजीचा रामराम. हितं समदी खुशाल हायेत, एक तुमची पेटी सोडून.

भाऊबीजेला तुमी ती रेडिओची पेटी लोनावळ्याहून मांडीवर घेऊन आलात. आमच्या आढ्यापासनं पिंपळापातुर तार ताणलीत. जाताना म्हनलात, "आबा, ही पेटी न्हाई, माझी अब्रू हाय, जपा." तर तुमची अब्रू आठवडाभर खणखणीत बोलली. मुंबईचं गानं ऐकाया आळीतली मानसं ओट्यावर मावंनात. मंग तिचा आवाज बसाया लागला. गवई जनू गात गात हिरीत उतरत चाललाय. शेवटाला निस्ती खरखर, आन मंग ती बी न्हाई.

तुमी सांगितल्यापरमानं ती काचंची पान्याची बॅटरी तळेगावच्या नसीरच्या मोटारीतनं चारजिंगला धाडली. भरून आली, पेटी पुन्यांदा वरडाया लागली. दोन-तीन दिसांत पुन्यांदा मुकी. सांजच्याला घटकाभर लावतो आमी, ते बी तुमी बजावलंय म्हनून. एवढ्यावर बॅटरी संपती कशी? आमच्या म्हशीला बी एवढी वैरण लागत न्हाई.

नंदा बरी हाय. दिवाळी झाली, सासरी कवा जानार, असं इचारलं की उठून गोठा झाडाया जाती. आमचा गोठा इतका साफ कंदीच नव्हता. तुमचं काय बिनसलंय का, असं तुमच्या सासूबाई इचारत्यात. मी इचारत न्हाई. पेटीचं तेवढं कळवा.

कोंडाजी


लोणावळा,
ता. ९ नोव्हेंबर १९३८

तीर्थस्वरूप आबांच्या चरणी हौशीरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. आबा, पेटी तुमच्याकडे का ठेवली ते भाऊबीजेच्या गडबडीत नीट सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मुंबईत आमच्यासारख्या बिनतारी यंत्राच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. त्यांच्या यंत्रांची हाक घाटाला आपटून खालीच राहते, मावळात पोचत नाही. मी घाटावर बसलेलो. तेव्हा मुंबईचा निरोप मी झेलायचा आणि माझ्या यंत्रावरून तसाच पुढे मावळात टाकायचा, असा प्रयोग ८ जानेवारीला, रविवारी सकाळी ठरला आहे. तुमच्या पेटीवर तो ऐकू आला आणि कागदावर उतरला, तर निरोप पुढे टाकायचं हे ठाणं माझ्याकडे राहील. नाहीतर खंडाळ्याच्या एका बंगल्यात एक साहेब माझ्यापेक्षा मोठं यंत्र घेऊन टपून बसलेले आहेत. तारेच्या टिकटिकीची भाषा उतरवून घ्यायला तळेगाव स्टेशनातले आमचे तारमास्तर सोपानराव त्या दिवशी येतील. तुम्ही फक्त पेटी जिवंत ठेवायची.

बॅटरीत पाणी कमी झालं असेल. आतल्या पट्ट्या बुडतील इतकं पाणी घाला, पण ते अगदी शुद्ध हवं. विहिरीचं नको. तारा जोडायच्या खुंट्यांवर पांढरट-हिरवा थर साचला असेल तर सोड्याच्या पाण्यानं पुसून वरून काहीतरी ओशट लावा, म्हणजे पुन्हा साचणार नाही.

माझं काय विचारता? घर खायला उठतं. परवा भुशीच्या तळ्यावर एकटाच जाऊन बसलो होतो. घास गोड लागत नाही. नंदाला तब्येत जपायला सांगा.

आपला,
हौशीराम


नवलाख उंबरे,
ता. १८ नोव्हेंबर १९३८

जावईबापूंना रामराम.

तुमचं पत्र मुद्दाम नंदाकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. घास गोड लागत न्हाई तितं आली तशी ती थांबली, आन उरलेलं भराभरा वाचून गोठ्यात गेली.

शुद्ध पानी म्हनल्यावर समदं घर इचारात पडलं. हिरीचं नको, नदीचं तर न्हाईच. मंग तुमच्या सासूबाईंनी देव्हाऱ्यातली गंगेची लोटी काढली. तिच्या बापानं काशीहून आनलेली, आजवर झाळलेली होती. म्हनली, "मरताना माझ्या तोंडात थेंब न्हाई पडला तरी चालंल, जावयाची पेटी जगू द्या." निम्मी लोटी बॅटरीत घातली. खुंट्यांस्नी गाडीच्या आखाचं वंगन चोपडलं. आता पेटी बोलली न्हाई तरी फिराया हरकत न्हाई.

येवढं करून बी ती काल मेली.

आनखी एक. परवा सन म्हनून पोळ्या करायच्या व्हत्या. सासूबाईंनी नंदाफुडं पोळपाट ठिवला, तर पोर त्याच्याकडं बगतच बसली आन म्हनली, "आई, ह्याला भोकं न्हाईत." पोळपाटाला भोकं कशाला आसतील? काय भानगड हाय ती कळवा.

कोंडाजी


लोणावळा,
ता. २२ नोव्हेंबर १९३८

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार.

गंगेचं पाणी! आबा, गंगेनं पापं धुतली जातात, बॅटरीच्या पट्ट्या नाही. त्यात क्षार असतात. आता झालं ते झालं, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि उरलेली लोटी देव्हाऱ्यात परत ठेवा.

पेटीची एक तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडली आहे. तिथली माती कोरडी पडली असेल तर आवाज बसतो. तिथे रोज घागरभर पाणी ओता. पण खरं सांगू का, मला संशय नसीरचा येतो. मोटार हाकणारा माणूस, बॅटरी घाईघाईनं भरत असेल. वरवर भरलेली बॅटरी घाईत उकडलेल्या बटाट्यासारखी असते, बाहेरून शिजलेली आणि आत कच्ची. त्याला जरा स्पष्ट विचारा.

पोळपाटाचं असं आहे की यंत्राचे सुटे भाग बसवायला कोरडी, गुळगुळीत, चांगल्या लाकडाची फळी लागते. लोणावळ्यात तशी मिळेना. घरात होती. एवढंच.

मी फार एकटा पडलो आहे हे नंदाच्या कानावर घालावं.

आपला,
हौशीराम


तळेगाव दाभाडे,
ता. १ डिसेंबर १९३८

हौशीराम मास्तरांना नसीरचा सलाम.

कोंडाजीआबा माझ्या मोटारीत पुढच्या सीटवर बसले आणि सगळ्या पाशिंजरांसमोर मला म्हणाले, "नसीर, तू म्हने बॅटरी बटाट्यावानी उकडतोस." आजवर माझ्या गाडीला, माझ्या हॉर्नला, माझ्या मिशीलासुद्धा लोकांनी नावं ठेवली. चार्जिंगला कुणी ठेवली नव्हती.

म्हणून मी काय केलं ते ऐका. तुमची बॅटरी ठरल्याप्रमाणे सावकाश भरली. मग आबांना दुसरी दिली आणि तुमची माझ्या दुकानात ठेवून तिच्यावर एक लहान दिवा लावला. तुमची पेटी खाते साधारण तेवढंच तो दिवा खातो. आबांकडे लावतात तसा रोज संध्याकाळी घटकाभर. आठवडा होऊन गेला, दिवा मजेत जळतोय. आणि आबांची ती दुसरी बॅटरी या आठवड्यात दोनदा माझ्याकडे येऊन गेली.

मास्तर, तुमच्या बॅटरीला काही रोग नाही. नवलाख उंबऱ्यात कुणीतरी तिला जेवतंय. ते शोधा, आणि मग मला चार ओळी माफीच्या लिहा. पाशिंजरांना वाचून दाखवायच्या आहेत.

नसीर


लोणावळा,
ता. ४ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार.

नसीरचं पत्र आलं. माणूस तोंडाळ आहे, पण त्याचा हिशेब बरोबर दिसतो. तुम्ही घरात नसताना कुणीतरी पेटी लावत असणार. शेजारचा कुणी शौकीन असेल, दुपारची गाणी ऐकायला येत असेल. घरात माणसं असताना हे होणार नाही. तेव्हा एकदा शेतावर जातो म्हणून निघा आणि मागच्या दारानं परत या. प्रयोग जवळ आला आहे, चोर सापडलाच पाहिजे. सापडला की त्याला माझ्या नावानं चांगला झापा.

नंदा कधी येते? माझ्या हातचा भात रोज खाली लागतो.

आपला,
हौशीराम


नवलाख उंबरे,
ता. १४ डिसेंबर १९३८

जावईबापूंना रामराम.

चोर घावला. पर झापू कसा?

तुमी सांगितल्यावानी कुदळ खांद्यावर टाकून निगालो आन मागनं येऊन कनगीच्या आड बसलो. तुमच्या सासूबाई शेजारी गेलत्या. वाढूळ झालं तरी कुनी येईना. मला डुलकी लागनार येवढ्यात नंदा आली. मांडीवर तांदळाचं सूप घेतलं, कानाला तुमच्या त्या कानवाट्या लावल्या, आन खुंटी पिरगाळून तुमी लाल रेघ मारून ठिवलीया तितं नेली. तांदूळ निवडतीय आन ऐकतीय.

मी म्हनलं गानं ऐकती आसंल. पर ती मधीच हसली. मंग तोंडानं 'अरारा' केलं. मंग कपाळाला आठी. मंग एकदम कानवाट्या काडल्या, पेटीकडं बगून म्हनली, "मजा हाय व्हय? बरं!" आन परत लावल्या. ती उठून गेल्यावर मी हळूच कानवाटी कानाला लावली. गानं न्हाई, बोलनं न्हाई, निस्तं टिट टिट टॅ टिट. रातकिडा बरा!

दुसऱ्या दिशी पुन्यांदा बसलो. तवा तर ती ऐकता ऐकता पदरानं डोळं पुसाया लागली. हाताखालचा तांदूळ भिजला.

हौशीराम, माझ्या पोरीला काय झालंय? रातकिडा ऐकून मानूस हसतं का रडतं? तुमच्या सासूबाई म्हनत्यात देवरुषाकडं न्यावी. मी म्हनलं आदी जावयाला इचारू, पेटी त्येंची हाय.

जमिनीत पानी रोज घालतोय. सासूबाईंनी तितं घेवडा लावला, पानी वाया जातंय म्हनून. लय झकास आलाय. पेटीला गुण न्हाई.

कोंडाजी


लोणावळा,
ता. १६ डिसेंबर १९३८

आबा,

देवरुषाकडे नेऊ नका.

लाल रेघ म्हणजे माझं यंत्र. दुपारी स्टेशनात ड्यूटी नसली की मी मुंबईच्या मंडळातल्या केळुसकरांशी टिकटिकीत बोलतो. इकडचं तिकडचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांनी. ती भाषा तारमास्तरांशिवाय कुणाला येत नाही.

नंदाला येते का? तिला न कळू देता विचारा. "मजा हाय व्हय" म्हणाली तो कोणता दिवस? डोळे पुसले तो कोणता? हसली किती वेळ? उलट टपाली कळवा. तार केली तरी चालेल.

हौ.


नवलाख उंबरे,
ता. १९ डिसेंबर १९३८

सेवेशी नंदाचा नमस्कार.

'तिला न कळू देता विचारा' हे पत्र आबांनी मलाच वाचायला दिलं. म्हणाले, "बग गं, जावईबापूंचं अक्षर आज लागंना." तुम्ही घाबरलात की तुमचं अक्षर लागत नाही, हे मला माहीत आहे.

होय. येते.

लग्नानंतर दोन वर्षं तुम्ही घरात बसून पितळी चावी बडवत होता, आणि चावी नसली की तोंडानं डा-डिट, डा-डिट. मी पाठ फिरवून भाकरी थापत होते, पण कान कुठे फिरवणार? ए-बी-सी-डी सातवीत गुरुजींनी शिकवली होतीच. एकदा जेवताना तुम्ही ताटाच्या कडेवर बोटानं 'मीठ कमी' असं वाजवलंत आणि स्वतःशीच हसलात. दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवलं. तुम्हाला वाटलं, योगायोग.

दिवाळीला मी रुसून आले हे खरं. पोळपाटासाठी नाही, पोळपाट बाजारात मिळतो. पीठ मळून मी घरभर शोधते आहे आणि पोळपाटावर तुमच्या यंत्राचे दिवे लागलेले आहेत, आणि तुम्ही म्हणता, "हळू, धक्का लागेल." त्याआधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

इथे आल्यावर एका दुपारी वाटलं, जेवलात की नाही तेवढं ऐकावं. तुम्ही केळुसकरांना सांगत होता, 'भात करपला.' मला हसू आलं. मग रोजचंच झालं. केळुसकरांचं मला काही ऐकू येत नाही, त्यांना घाट आडवा येतो. तुमचं मात्र अक्षर न् अक्षर येतं.

आबांना तुम्ही लिहिलंत, भुशीला एकटाच जाऊन बसलो. केळुसकरांना सांगितलंत, 'भुशीला स्टेशनातले सगळे गेलो, भजी इतकी खाल्ली की उठवेना.' आबांना, घर खायला उठतं. केळुसकरांना, 'बायको माहेरी, घर शांत, मजा आहे.' माझी भाकरी जाड असते हेही कळवलंत. आता मुंबईलाही ते ठाऊक झालं.

डोळे पुसले तो दिवस विचारता. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'ड्यूटीवरून आलो, दारातूनच सवयीनं हाक मारली, नंदा, पाणी. मग आठवलं.' त्यापुढे बराच वेळ काही वाजलंच नाही. मला वाटलं बॅटरी गेली. बॅटरी होती.

हे तुम्ही केळुसकरांना सांगितलंत. मला का नाही? घरात माझ्याशी तुमची दोनच वाक्यं असतात. 'वाढ' आणि 'तारेला हात लावू नकोस.'

सोपानरावांना बोलावू नका. ८ तारखेला निरोप मी उतरवेन आणि खाली सही माझी असेल. यायचं की नाही ते मग बघू. तोवर पेटीला हात लावणार नाही. बॅटरी कोण खात होतं ते आता तुम्हाला कळलंच आहे, तेव्हा नसीरभाईंना माफीच्या चार ओळी लिहा. ते रोज विचारतात.

नंदा


लोणावळा,
ता. २३ डिसेंबर १९३८

सौ. नंदास,

यापुढे काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही. तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

आधी 'मजा आहे' याचा खुलासा. केळुसकरांची बायकोही माहेरी गेली होती आणि त्यांनी आधी म्हटलं, 'मजा आहे.' मग मी काय, 'मला रडू येतं' म्हणू? तेव्हा मीही 'मजा आहे' म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, 'भात करपल्यावर वरचा खाता येतो का?' म्हणजे त्यांचीही मजा कोणत्या जातीची होती ते तू समज. भुशीचं खरं आहे. भजी खाल्ली. पण गेलो एकटाच होतो, स्टेशनातले लोक मागून आले. भाकरी जाड असते हेही खरं, पण ती मी चार खातो आणि माझ्या हातची अर्धी जात नाही. ही बातमी मात्र केळुसकरांना सांगितली नव्हती, ती आज सांगतो.

नंदा, समोर माणूस बसलं की माझी जीभ वळत नाही. चावीवर बोट ठेवलं की सुटते. हा दोष आहे खरा. पोळपाटाचंही चुकलं. तू गेल्यावर तो यंत्रासकट उचलून चुलीपाशी ठेवावासा वाटत होता, पण धक्का लागला असता.

सोपानरावांना नको म्हणून कळवलं आहे. निरोप मी तीनदा टाकणार, एकदा चुकला तर दुसऱ्यांदा धर. बॅटरी आदल्या दिवशी भरून आण आणि वेळ होईपर्यंत कुणालाही पेटी लावू देऊ नकोस. आबांनाही नाही. नसीरला माफीचं कार्ड टाकलं आहे. बटाटा हा शब्द मागे घेतला.

हौशीराम


नवलाख उंबरे,
ता. ९ जानेवारी १९३९

जावईबापूंना कोंडाजीचा रामराम.

कालचा समदा परकार तुमाला कळवायाच पायजे, कारन नंदा सांगंल त्यात घेवड्याचं काय येनार न्हाई.

नसीरनं शनवारी बॅटरी तोंडापातुर भरून दिली. रविवारी सकाळी अंगनात ही गर्दी. समद्यांस्नी ऐकाया मिळावं म्हनून कर्णा जोडला. नंदा कागूद-पेन्सिल घेऊन पाटावर बसली. तुमची टिकटिक सुरू झाली. टिट टॅ टिट. आन बसत बसत, बसत बसत, गप!

नंदानं बॅटरी बगितली. म्हनली, "आबा, ही रिकामी हाय. पेटी कुनी लावली?" मंग तुमच्या सासूबाई म्हनल्या, "मी पहाटंच चालू करून ठिवली. चूल बी आदी तापवावी लागती. ही तर विलायती, तापाया येळ लागनारच की! आवाज नको म्हनून तेवढा कर्णा काडलावता."

नंदानं डोळं मिटलं, उघडलं. "निरोप तीनदा येनार हाय. नसीरभाईंची मोटार कुटं आसंल?" मोटार पारापाशी उभी व्हती, तळेगावच्या पाशिंजरांनी भरून. मी धोतराचा सोगा धरून पळालो. नसीरला म्हनलं, "तुज्या मोटारीची बॅटरी दे." तो म्हनला, "आबा, ती काढत बसलो तर तुमचा निरोप परत मुंबईला जाईल. मोटारच घेऊन येतो." पाशिंजर उतराया तयार न्हाईत, काय चाललंय ते त्येंस्नी बगायचं व्हतं. तशीच मोटार मागं मागं घेत अंगनात घातली. घेवड्याचा मांडव गेला. शेंगा लगडल्या व्हत्या, जावईबापू. सासूबाई अजून त्याच्यापाशी बसून हायेत.

नसीरनं सीट उचलली, खाली बॅटरी. नंदा तारा घेऊन धावली आन म्हनली, "नसीरभाई, समदी वीज नको, पेटीतलं दिवं जळतील. एकाच घराची द्या." नसीर म्हनला, "ताई, तीन घरं आहेत, प्रत्येकात तुमच्या बॅटरीएवढीच वीज. हे मला नका शिकवू, मी बटाटे उकडणारा नाही." दोघांनी मिळून तारा धरल्या. धरल्या म्हंजी खरंच हातानं धरल्या, बांधाया येळ कुटं व्हता? पेटीनं असा आवाज काडला की मोटारीतल्या रतनबाईच्या पाटीतल्या कोंबड्या वरडाया लागल्या. समदं अंगन कोंबड्यांस्नी 'शूऽऽ' करत व्हतं.

दुसऱ्या खेपंचा निरोप निम्मा गेलाच व्हता. तिसरा पुरा घावला. एका हातानं तार, दुसऱ्या हातानं पेन्सिल, कागूद मोटारीच्या पायरीवर. लिहून झाल्यावर नंदानं मोठ्यानं वाचला. "मुंबईत समुद्र शांत आहे. मावळात कसं आहे?" मोटारीतनं रखमाजी म्हनला, "हितं समुद्र न्हाई म्हनावं. बाकी बरं हाय." कागदाखाली नंदानं सही केली. तुमच्या मंडळाला आजच टपालानं धाडतोय.

आता मला इचारायचंय ते असं. निरोप संपल्यावर बी तुमची टिकटिक थांबंना. पर ही येगळी व्हती. सावकाश, अडखळत. मधीच थांबायची, परत सुरू व्हायची. नंदानं पेन्सिल खाली ठिवली. रतनबाई म्हनली, "लिही की गं!" ती लिहीना. निस्ती ऐकत उभी. नसीर तार धरून अवघडला, पर हलला न्हाई. आमी समदी तिच्या तोंडाकडं बगतोय, आन ती मोटारीच्या चाकाकडं बगतीय. कान लालभडक.

टिकटिक थांबल्यावर रतनबाईनं इचारलं, "काय म्हनतोय तुजा नवरा?"

नंदा म्हनली, "समद्यांस्नी रामराम सांगत्यात."

झालं! समदं अंगन पेटीकडं तोंड करून "रामराम, रामराम" म्हनाया लागलं. नसीरनं सलाम घातला. तेवढ्यात रखमाजी म्हनला, "येवढा वाढूळ निस्ता रामराम?" तर नंदा म्हनती, "एकेकाला येगळा घातला."

मंग ती आत गेली ती ट्रंक घेऊनच भायेर आली. आईच्या पाया पडली, माझ्या पडली, नसीरच्या मोटारीत चढली. तळेगावास्नं लोनावळ्याची गाडी घावली आसंल, हे पत्र येईस्तवर ती तुमच्या घरात भाकरी थापत आसंल.

मोटार निगताना मी खिडकीशी गेलो आन हळूच म्हनलं, "बाई, खरं काय म्हनलं जावई? मला तरी सांग." तर हसून म्हनली, "आबा, कोंबड्या वरडल्या ना मधीच, निम्मंच कळलं. ऱ्हायलेलं आता समोर बसवून, तोंडानं सांगा म्हनते."

तवा जावईबापू, तयारीत ऱ्हावा.

कोंडाजी